डोंगरावरच्या देवीला जाऊन आल्यावर ताप आला, तर…

टिपेश्वर अभयारण्याला नाव मिळालं ते तिथल्या टेकडीवरच्या टिपाई देवीवरून. नवरात्रात पुसद-आर्णीकडची मंडळी पैनगंगा ओलांडून माहूरच्या रेणुकामातेलाही जातात. दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे जंगल. जाताना सगळे वाघाला भितात. मला काळजी वाटते ती गवतातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर किड्यांची.

पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढलेल्या गवतात, झुडपांत हे किडे असतात. चावले तरी कळत नाही. त्यांच्यामुळे होतो स्क्रब टायफस हा तापाचा आजार. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात त्याची साथच आली होती. ताप लगेच येत नाही. बहुधा दहा-बारा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी येतो. तोवर यात्रा विसरलेली असते आणि मग रुग्ण डॉक्टरांना जंगलाचं काही सांगतच नाही. मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्या होतात, त्यात काही सापडत नाही, आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

म्हणून कळकळीची विनंती आहे. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी असेल, तर “मी अमुक दिवशी डोंगरावर जाऊन आलो” हे आपणहून सांगा. अंगावर किडा चावल्याची काळी खपली शोधा. ती सिगारेटच्या चटक्यासारखी दिसते, दुखत नाही आणि काखेत, जांघेत, कमरेला, स्तनांखाली लपून बसते. बायाबापड्या संकोचाने ती दाखवत नाहीत. कृपा करून दाखवा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत मिळालं, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला दुसरं औषध देतात. मनाने मात्र गोळ्या घेऊ नका. उशीर झाला, तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू आजाराच्या तडाख्यात सापडतात आणि माणूस दगावतो. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. घरात रुग्णाला वेगळं बसवण्याचं काही कारण नाही.

जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट-मोजे घाला. प्रसाद खायला बसाल तर सतरंजी टाका. कपडे झुडपांवर वाळत घालू नका. घरी आल्यावर लगेच अंग घासून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा.

जंगलात साप चावला तर आवळून बांधणं नको, चिरा देणं नको, मांत्रिक नको. चावलेला भाग न हलवता थेट रुग्णालय गाठा.

नवरात्रातल्या उपवासाचंही सांगतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी चढू नका; साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. उपवास धरायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून औषधाचं प्रमाण बदलून घ्या. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्यांनी निर्जळी उपवास मुळीच करू नये. पाणी कमी पडलं आणि दमणूक झाली की हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. त्यांनी थांबत थांबत चढावं, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावं आणि सिकलसेलचं कार्ड सोबत ठेवावं.