पडद्याचे माप आणि चित्राची सूक्ष्मता

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतातील सहा राज्यांमधील सुमारे २४०० खेड्यांना उपग्रहामार्फत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे आजच्या छत्तीसगढमधील, रायपूर परिसरातील खेडीही होती. तारेच्या जाळीचा सुमारे तीन मीटर व्यासाचा आकाशक आणि एक कृष्णधवल संच, एवढ्या साधनांवर सारे गाव कार्यक्रम पाहत असे.

भारतीय दूरदर्शनचे चित्र ६२५ रेषांचे होते. त्यांपैकी सुमारे ५७५ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या असत. पडदा मोठा केला तरी रेषा वाढत नसत, त्यांमधील अंतर तेवढे वाढे. पडद्याची उंची ३६ सेंटिमीटर असेल, तर दोन रेषांमध्ये सुमारे ०.६३ मिलिमीटर अंतर पडते. निकोप डोळ्यास दोन मीटरांहून थोडे अधिक दूर गेल्यावर त्या वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून पडद्याचे माप, चित्राची सूक्ष्मता आणि पाहणाऱ्याचे अंतर या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

संगणकाच्या पडद्यासही हाच नियम लागू पडतो. मात्र सपाट पडद्यावर चित्रबिंदूंची संख्या कायमची ठरलेली असते. २४ इंच कर्णाच्या पडद्यावर १९२० × १०८० बिंदू असतील, तर एका इंचात सुमारे ९२ बिंदू बसतात. २७ इंचांच्या पडद्यावर ३८४० × २१६० असतील, तर १६३. विंडोज प्रणालीत इंचास ९६ बिंदू हे मूळ प्रमाण मानलेले आहे. तेव्हा दुसऱ्या पडद्यावर अक्षरे सुमारे १.७ पट मोठी केल्यासच ती नेहमीच्या आकाराची दिसतात.

पडद्याचे माप संगणकास कसे कळते? पडद्यात १२८ बाइटांची एक माहितीपत्रिका साठविलेली असते. तिचा नमुना १९९४ साली प्रमाणित झाला. तीत रुंदी व उंची सेंटिमीटरांत नोंदलेली असते. प्रक्षेपकाच्या चित्रास ठरावीक माप नसल्याने तेथे शून्य लिहितात. काही संचांत खऱ्या मापाऐवजी नुसते गुणोत्तर, १६ व ९, लिहिलेले आढळते. संगणकाने तो आकडा सेंटिमीटर समजून खरा मानला, तर १९२० बिंदूंच्या पडद्यावर इंचास ३०५ बिंदू असा हिशेब होतो आणि अक्षरे तिपटीहून मोठी होतात. अशा वेळी पट्टीने पडद्याची रुंदी मोजावी, बिंदूंच्या संख्येस इंचांतील रुंदीने भागावे आणि आलेल्या आकड्यास ९६ ने भागावे. योग्य प्रमाण हाती येते.

दृष्टी मंद असलेले पुष्कळ लोक अक्षरे मोठी दिसावीत म्हणून बिंदूंची संख्याच कमी करतात. त्यामुळे एक बिंदू शेजारच्या बिंदूंवर पसरतो. मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे पुसट होतात. डोळ्यांचा शीण हलका होण्याऐवजी वाढतो. पडद्याची मूळ बिंदुसंख्या तशीच ठेवून केवळ अक्षरांचे प्रमाण वाढविणे, हाच यावरील योग्य उपाय होय.