संगणकीय दप्तराची राखीव प्रत : ‘रेस्टिक’ प्रणालीतील सुधारणा

कार्यालयीन पत्रव्यवहार, टिपण्या, याद्या व नोंदी यांचा मोठा भाग आता संगणकात साठविला जातो. जुन्या दप्तरास वाळवीचे व ओलीचे भय असे. नव्या दप्तरास चकती निकामी होण्याचे, अनवधानाने मजकूर पुसला जाण्याचे आणि खंडणीखोर प्रोग्रॅमने सारे कुलूपबंद होण्याचे भय आहे. राखीव प्रत नियमित घेणे हा त्यावरील उपाय होय. या कामासाठी विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणालींपैकी ‘रेस्टिक’ ही एक. अलेक्झांडर नॉयमन यांनी आरंभिलेली ही प्रणाली मुक्त परवान्याखाली वितरित होते. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ०.१४.० या आवृत्तीतील सुधारणा विशेष लक्षणीय ठरली.

ती समजण्यासाठी प्रणालीची मूळ रीत ध्यानात घ्यावी लागते. रेस्टिक प्रत्येक फाइलचे तुकडे पाडते. तुकडा कोठे तोडावयाचा हे मोजमापावरून नव्हे, तर मजकुरावरूनच ठरते. त्यामुळे लांबलचक यादीच्या आरंभी एक ओळ घातली, तरी पुढील सर्व तुकडे बदलत नाहीत. त्या ओळीच्या आसपासचाच तुकडा नवा होतो. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ पद्धतीने ठसा काढला जातो व त्याच ठशाचा तुकडा पूर्वी साठविलेला असल्यास तो पुन्हा ठेवला जात नाही. रोज प्रत घेऊनही भांडार रोज दुप्पट होत नाही, याचे रहस्य हेच.

तथापि एक उणीव होती. तुकडे जसेच्या तसे गूढलिपीत बंद होत, त्यांचा संकोच होत नसे. गूढलिपीतील मजकुरात पुनरावृत्तीचा मागमूस राहत नाही. म्हणून भांडार मागाहून आवळून पाहणे व्यर्थ असते. आवळणे हे कुलूप घालण्यापूर्वीच झाले पाहिजे, आणि ते काम प्रणालीनेच केले पाहिजे. ०.१४.० मध्ये ‘झेडस्टँडर्ड’ पद्धतीच्या साहाय्याने नेमके हेच साधले. याद्या, तक्ते व साधा मजकूर यांना याचा चांगला लाभ होतो. जेपीईजी छायाचित्रे मुळातच आवळलेली असल्याने त्यांच्या बाबतीत फार अपेक्षा धरू नये.

या सोयीसाठी भांडाराची रचना बदलावी लागली. नवे भांडार दुसऱ्या रचनेत आपोआप तयार होते. जुने भांडार मात्र आज्ञा देऊन रूपांतरित करावे लागते. तत्पूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. रूपांतरानंतर ते जुन्या आवृत्तीस वाचता येत नाही, म्हणून सर्व संगणकांवरील प्रणाली आधी अद्ययावत करणे अगत्याचे आहे. शिवाय रूपांतराने जुने तुकडे आपोआप आवळले जात नाहीत. त्यासाठी ते पुन्हा बांधण्याची वेगळी आज्ञा आहे, आणि भांडार दूरच्या यंत्रावर असल्यास सारा मजकूर आणून परत पाठवावा लागत असल्याने हे काम वेळखाऊ होते. याच आवृत्तीत तुकड्यांच्या गठ्ठ्याचा ठरीव आकार सुमारे ४ वरून १६ मेगाबाइटवर नेण्यात आला. परिणामी भांडारातील फाइलींची संख्या घटली.

जुन्या प्रती निकालात काढण्याचे काम पूर्वी फार संथ चाले. २०२१ मधील ०.१२.० आवृत्तीत त्याची फेररचना झाली. निरुपयोगी मजकूर ५ टक्क्यांपर्यंत राहू देण्याची मुभा तेव्हापासून असल्याने प्रत्येक वेळी सारे भांडार हलवावे लागत नाही. थोडी अडगळ सोसून पुष्कळ वेळ वाचविण्याचा हा व्यवहारी सौदा आहे.

परवलीच्या शब्दाविषयी मात्र कोणत्याही आवृत्तीने सवलत दिलेली नाही. तो हरवला तर भांडार कोणासही उघडता येत नाही. प्रणालीच्या निर्मात्यांनाही नाही. सुदैवाने एकाच भांडारास अनेक परवलीचे शब्द जोडता येतात. एक शब्द प्रत घेणाऱ्या लिपिकाकडे व दुसरा मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखांकडे ठेवावा. लिपिकाची बदली झाल्यास नव्या व्यक्तीसाठी नवा शब्द जोडून, तो चालतो याची खात्री झाल्यावरच जुना रद्द करावा.