बोर्डावर नाव लावण्याआधी

एमडी सायकियाट्रीचा निकाल लागला की तरुण डॉक्टरला व्यसनमुक्ती केंद्रांचे फोन येऊ लागतात. बोलणं गोड असतं. "डॉक्टर, आठवड्यातून एकदा या. पेशंट आमची माणसं सांभाळतील. तुमचं नाव तेवढं बोर्डावर असू द्या." काम तासाभराचं, पैसे बरे. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेल्याला नाही म्हणणं जड जातं. या शाखेत आलेले तरुण डॉक्टर अडचणीत सापडताना मी पाहिले, ते बहुधा याच होकारामुळे.

काही दिवसांनी कळतं, की पेशंटला घरच्यांच्या सांगण्यावरून रात्री गाडीत कोंबून आणलं आहे, त्याला कुणी तपासलेलंच नाही, आणि फाइलवर सही मात्र डॉक्टरची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारू आणि ड्रग्जच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरतो. त्यामुळे अशा पेशंटना दाखल करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. नोंदणी नाही हे ठाऊक असूनही तिथं काम करणाऱ्या तज्ज्ञाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पेशंटच्या संमतीशिवाय दाखल करायचं, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि पहिली मुदत ३० दिवसांचीच असते.

म्हणून रुजू होण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागावं. रात्री दोनला पेशंटला फिट आली तर कोण धावेल, आयसीयू किती लांब आहे, पेशंटला घरी फोन करू देतात का, हेही विचारावं.

फिटचा प्रश्न उगाच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, की काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना डिलिरियम होतं. माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात. कोंडून दारू सोडवणारे याला 'नाटक' म्हणतात. उपचार नाही मिळाले तर हे 'नाटक' जीव घेतं. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचं, ही साधी गोष्टही सलाइन लावण्याच्या घाईत राहून जाते.

हे सगळं अंगवळणी पडायला शिक्षण लागतं. दिल्लीचं एम्स, बंगळूरुचं निम्हान्स आणि चंदीगडचं पीजीआय इथं व्यसन-मानसोपचारात तीन वर्षांचं डीएम करता येतं. जागा अगदी मोजक्या असतात आणि गरज अफाट. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक त्यात आढळले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलाही उपचार मिळाला होता.

एवढा डोंगर डॉक्टर एकटा उपसू शकत नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हापासून व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथं नव्या पेशंटचा हात धरत आली आहेत. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेनं या विषयाचं शिक्षण नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं.

म्हणजे चांगलं काम होऊनही बरेच जण पीतच राहिले. नवा डॉक्टर नेमका इथं खचतो. डिस्चार्जच्या दिवशी पाया पडून गेलेला पेशंट महिन्याभरात झिंगून दारात उभा राहिला, की डॉक्टरला तो स्वतःचा अपमान वाटतो. मग आवाज चढतो, आणि पेशंट पुन्हा फिरकत नाही. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी त्याला हाकलत नाही. डोस बघतात, पथ्य विचारतात. पुन्हा प्यायलेल्यालाही तसंच विचारायचं: शेवटचा कोरडा दिवस कोणता, त्यानंतर काय घडलं, गोळ्या कधी सुटल्या?

पेशंटच्या बायकांचं येणं वेगळं असतं. "डॉक्टरसाहेब, त्यांना न सांगता चहातून देता येईल असं काही द्या," अशी विनवणी प्रत्येक ओपीडीत होते; भिंतीवरच्या जाहिरातींनी तशी आशा लावलेली असते. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिरम हे औषध असं चोरून देणं घातक आहे. त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. मृत्यूही ओढवू शकतो. पण नुसतं नाही म्हणून त्या बाईला परत पाठवू नये. तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी, घरात मारहाण होते का हे एकटीला विचारावं, पुढची तारीख तिच्या नावानं लिहून द्यावी. पेशंट यायचा थांबला तरी ती येत राहते, आणि तो पुन्हा पिऊ लागल्याची पहिली बातमी बहुधा तीच आणते.