कात्री हीच पेन्सिल

मुलांनो, कातरकामाच्या तासाला आपण आधी पेन्सिलीने आकार काढतो आणि मग रेघेवरून कात्री चालवतो. ज्याला 'मला चित्रच येत नाही' असे वाटते, तो तिथेच अडतो. अशांसाठी आम्ही दोन थोर चित्रकारांची रीत सांगतो.

फ्रान्सचे आंरी मातिस (१८६९-१९५४) यांच्या पोटावर १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच वेळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत जाई. मदतनीस कागद रंगवून देत आणि मातिस थेट कात्रीने पाने, पक्षी, माणसे कापीत. त्यांचे 'जॅझ' (१९४७) हे पुस्तक अशाच कातरचित्रांचे आहे.

शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. पन्नाशीनंतर ती पूर्ण गेली. तरी ते थांबले नाहीत. रंगीत कागद कापून त्यांनी चित्रे केली. सत्यजित राय हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी १९७२ साली गुरूंवर माहितीपट काढला. दुसरे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन यांनी आपल्या बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत अनेक वर्षे शिकवले.

आता कृती. घोटीव कागद, जुनी मासिके, उत्तरायणात फाटलेले पतंग जमवा. पेन्सिल दूर ठेवा. कात्री स्थिर धरून कागद फिरवा, म्हणजे वळण सफाईदार येते. आकार कापल्यावर उरलेला कागद टाकू नका. त्यातली मोकळी जागाही एक आकारच असते. सारे तुकडे पुठ्ठ्यावर मांडा, सरकवा, एकावर एक ठेवून पाहा. मनासारखे जुळले की मगच खळ लावा. एकदा डोळे मिटून, नुसत्या बोटांनी कडा चाचपूनही मांडणी करा.

मातिसचे पान हुबेहूब कापणे ही झाली नक्कल. त्यांच्या रीतीने आपल्या अंगणातला वड, त्याच्या पारंब्या, दोरीवरचे कपडे कापणे ही खरी प्रेरणा.

पालकांना एक विनंती. मुलाच्या चित्राच्या कडा वाकड्या दिसल्या, तरी त्या आपल्या हाताने नीट करून देऊ नका. सुबक चित्र बाजारात मिळते. 'हे मी केले' हा विश्वास मिळत नाही. ज्यांना दिसत नव्हते, उभे राहवत नव्हते, त्यांनीही कात्री खाली ठेवली नाही. मग आपल्या मुलांच्या हातून ती आपण का घ्यावी?