दोन कायदे, एकच कसोटी

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावांत, वाड्यांवर नागरी हक्कांचं काम करताना दोन कायद्यांच्या मसुद्यांशी माझा जवळून संबंध आला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आम्ही मागितला आणि जनसुरक्षा विधेयकाला आम्ही हरकत घेतली. तिथे पोलिसांना अधिकार द्या म्हणता आणि इथे आवरा म्हणता, हे कसं काय, असं पुष्कळांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते मांडते आहे.

१. वाळीत टाकण्याचा पुरावा नसतो. रोह्याकडच्या एका गावात वाळीत पडलेल्या घराच्या पडवीत बसले होते. कोरा चहा आला, कारण गावातल्या दूधवाल्यानं रतीब बंद केला होता. गावातली गिरण दळण घेत नव्हती. भाकरीचं पीठ घरातली बाई मिनीडोरनं बाहेरून दळून आणत होती. तिच्याशी बोलेल त्याला दंड, असं गावकीत ठरलेलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, मग तक्रारीत लिहायचं काय? कोणीही काहीही न करून माणसाचं जगणं किती अवघड करता येतं, हे मला त्या पडवीत कळलं.

२. हक्कांवर घाला सरकारच घालतं असं नाही. आपली माणसंही घालतात. आमच्या भागात पालखीची व्यवस्था गावकी बघते, मयताला खांदा द्यायला गावकी धावते, अडल्यानडल्याला तीच उभी राहते. म्हणून तर तिचा बहिष्कार इतका लागतो. निवडणुकीत गावाच्या मर्जीबाहेर उभं राहिलं, देवळाचा हिशेब विचारला, जमिनीच्या वादात ऐकलं नाही, एवढं कारण पुरे. २०१४-१५ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातली अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायती आणि गावकीच्या मनमानीविरुद्ध कायद्याची मागणी लावून धरली, तेव्हा त्या मागणीला आमच्या गावांतल्या दुःखाचा आधार होता.

३. कायदा मागणं सोपं, टिकेल असा मागणं कठीण. मुंबई राज्यानं १९४९ मध्येच बहिष्कृत करण्याला बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पीडितांच्या हाताशी आलेलं साधन गेलं ते गेलंच. त्यानंतर महाराष्ट्राच्या विधिमंडळानं नवा कायदा मंजूर केला तो १३ एप्रिल २०१६ ला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कृत्यांच्या यादीचं कलम. लग्नकार्य, अंत्यविधी अडवणं, शाळा, दवाखाना, पाणवठा, स्मशान नाकारणं, देवघेव तोडणं, असं एकेक नाव घेऊन लिहिलेलं आहे. पडवीतल्या बाईला आता तक्रारीत काय लिहायचं ते कळतं.

४. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला सूड हवा असतो असं आपण बाहेरून गृहीत धरतो. बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे, आणि न्यायालयाच्या परवानगीनं तडजोडीची वाट ठेवलेली आहे. आमच्यातल्या अनेकांना हे मवाळ वाटलं होतं. पण वाळीत पडलेल्या माणसांशी बोलताना बहुतेकांचं मागणं वेगळंच निघालं. पंचांना तुरुंगात घालून त्यांना काय मिळणार होतं? मुलीच्या हळदीला गावानं यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आरोपीचे हक्क राखणारा कायदा पीडितालाही त्याच गावात नांदण्याची शक्यता देतो, हे मला त्या घरांनी शिकवलं.

५. विधेयक कलमासकट वाचावं, आणि जमलं तर वाडीवर मोठ्यानं वाचावं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आलं, डिसेंबरात पुन्हा मांडलं गेलं. नक्षलवाद आणि शहरी नक्षल यांना आळा घालायचा, छत्तीसगड, तेलंगणासारख्या राज्यांत असे कायदे आहेत, ही सरकारची बाजू. हिंसेचं समर्थन आम्हीही करत नाही. पण बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत सार्वजनिक शांततेला धोका होईल असं वागणं तर आहेच. कायदा न पाळण्याचा प्रचार आहे, प्रशासनाच्या कामात अडथळा येण्याकडे कल असलेली कृती आहे, आणि ती बोलण्यातून, लिहिण्यातून, खुणेतूनही घडू शकते. हे वाचून दाखवल्यावर एका कातकरी बाईनं विचारलं, “ताई, वनहक्काच्या दाव्यासाठी आपण प्रांत ऑफिससमोर बसलो होतो, ते यात बसतं का?” तिच्याइतका नेमका आक्षेप मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेला नाही.

६. आज ज्याला आपण लोकशाहीचं उदाहरण म्हणतो, ते घडत असताना अनेकांना अडथळाच वाटत असतं. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्राच्या विरोधात पेणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, जमिनी देणार नाही म्हणाले. त्या रेट्यामुळेच २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. त्या लढ्याला प्रशासनाच्या कामातला अडथळा ठरवणं अवघड नव्हतं. म्हणून नवं विधेयक हातात आलं की ते मी त्या वर्षांवर लावून बघते.

७. हरकत नोंदवल्यानं सगळं बदलत नाही, पण काही बदलतं. जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती गेल्या. आमच्याच जिल्ह्यात सर्वहारा जन आंदोलनाचं काम करणाऱ्या उल्का महाजन विरोधात आघाडीवर होत्या. यूएपीए आणि मकोका असताना आणखी एक कायदा कशाला, विधेयक मागेच घ्या, ही नागरी हक्क संघटनांची भूमिका. ती मान्य झाली नाही. संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नको असं ठरलं, उद्देशिकेत कडव्या डाव्या व तत्सम संघटनांचा उल्लेख आला. पण तत्सम कोण, हे ठरवणार सरकारच. १० जुलै २०२५ ला विधानसभेनं विधेयक मंजूर केलं, तेव्हा डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनंही मंजुरी दिली.

८. दोन कायद्यांबाबत दोन भूमिका घेताना कसोटी एकच लागते, याबद्दल आता माझ्या मनात किंतु नाही. बहिष्काराचा कायदा विचारतो, तू अमुक कृत्य केलंस का? रोह्याच्या कोर्टात साक्षीदार उभा करून त्याचं उत्तर मिळतं. जनसुरक्षा विधेयक संघटनेचा कल काय, हे विचारतं, आणि ते आधी सरकार ठरवतं. त्याविरुद्ध दाद मागायला वाडीवरच्या माणसानं मुंबईचं उच्च न्यायालय गाठायचं. पहिला कायदा एकट्या पडलेल्याला गावासमोर उभं राहायचं बळ देतो. दुसऱ्यामुळे एकत्र आलेली माणसं एकेकटी पडण्याची मला भीती वाटते. पुढचा मसुदा कुठल्याही पक्षाच्या सरकारचा असो, आमच्या मागणीचा असो वा आमच्याविरुद्धचा, मी त्याला हेच दोन प्रश्न विचारणार: शिक्षा कृत्याला आहे की कलाला, आणि यानं एकटं कोण पडणार?