स्वप्नातील महाविद्यालय आणि घरची ऐपत

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत ते पुन्हा सुरू करण्याची अनुमती त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन १९२० मध्ये ते लंडनला परतले.

बारावीच्या निकालानंतर कन्हानच्या पालकांनी हा हिशेब जरूर पाहावा. व्यवस्थापन कोट्यातील जागेस शासनाची शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यासाठी घर गहाण ठेवण्यापेक्षा मुलीने नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात रोज ये-जा करून पदवी घ्यावी. नामांकित संस्थेत पदव्युत्तर शिक्षणासाठीही जाता येते. बाबासाहेब कोलंबियाला गेले, तेही एल्फिन्स्टनमध्ये शिकून बी. ए. झाल्यावरच.