दोन भाषांचा वर्ग

भाईंदरच्या खाडीलगतची गावे एके काळी मीठ, मासळी व भात यांवर जगत. राई, मुर्धे, मोर्वे येथे आगरी बोली, तर उत्तनच्या बाजूस कोळी व ख्रिस्ती समाजाच्या मराठी बोली नांदत होत्या व आजही नांदतात. मुंबईची वस्ती उत्तरेस सरकली तशी गुजराती, राजस्थानी, हिंदी व उर्दू बोलणारी कुटुंबे येथे आली. १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. तिच्या प्राथमिक शाळा मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू अशा चार माध्यमांच्या आहेत. असे असूनही प्रत्येक मूल आपल्या घरच्या भाषेच्याच वर्गात बसते असे नाही. वीटभट्ट्यांच्या व कारखान्यांच्या आसपास असलेल्या खेड्यांतील शाळांतही आता हाच प्रकार दिसतो. म्हणून हा विचार ग्रामीण शिक्षकासही परका नाही.

मूल परभाषेच्या वर्गात बसविले की आपोआप ती भाषा उचलते, असा पालकांचा व काही शिक्षकांचाही समज असतो. त्यास आधार म्हणून कॅनडाचे उदाहरण दिले जाते. माँट्रियलजवळील सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून फ्रेंच भाषेतून शिक्षण सुरू झाले. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट व रिचर्ड टकर यांनी या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुलांना फ्रेंच चांगली आली व इंग्रजीतही ती मागे पडली नाहीत. परंतु तेथे वर्गातील सर्वच मुले फ्रेंच भाषेस नवखी होती. शिक्षिकेस मुलांचे इंग्रजी समजत असे व आरंभी त्यांना त्या भाषेत बोलण्याची मुभा होती. पुढे इंग्रजीही वर्गात शिकविली गेली. घरी, बाजारात व सरकारदरबारी त्यांच्या भाषेस मान होता तो वेगळाच. आपल्याकडे हिंदी घरातील एकच मूल चाळीस मराठी मुलांत बसते, किंवा आगरी घरातील मूल सर्वस्वी इंग्रजी वर्गात जाते, तेव्हा यांपैकी एकही गोष्ट त्याच्या बाजूस नसते. उत्तनचा कोळी मुलास पोहावयास शिकविताना प्रथम त्याच्या पोटाखाली हात धरतो. हात न धरता खाडीत लोटणे यास कोणी पोहण्याचे शिक्षण म्हणत नाही.

घरच्या भाषेचा हा हात वर्गात कसा द्यावा, हे गणिताच्या तासास उत्तम दिसते. ‘पंचवीस’ म्हणताना मूल पाच आधी ऐकते व वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी लिहावयाचा असतो. २५ च्या जागी ५२ लिहिणारी मुले म्हणूनच आढळतात. हिंदी व गुजरातीतही संख्यानामांची घडण अशीच आहे. इंग्रजीत एकविसाच्या पुढे दशक आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असेही वाचन दिले गेले, तेव्हा समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर पुष्कळ टीका झाली. टीकाकारांना परंपरेची काळजी होती हे मान्य. पण हा तिढा समितीने निर्माण केलेला नव्हता, तो भाषेतच होता. काड्यांचे दोन गठ्ठे व पाच सुट्या काड्या पुढे ठेवून ‘पंचवीस’, ‘वीस पाच’ व ‘ट्वेंटी फाइव्ह’ ही तिन्ही नावे मुलांकडून म्हणवून घ्यावीत व कोणत्या नावात गठ्ठे आधी येतात ते विचारावे. दोन भाषांचा खरा लाभ या तुलनेत आहे. सेमी-इंग्रजी वर्गात केवळ इंग्रजी नावे घोकून घेतली जातात तेथे हा लाभ हातचा जातो. २०२२-२३ साली पहिलीसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तके आली, त्यांचा उपयोगही शिक्षक ही तुलना करवून घेतो की नाही यावरच अवलंबून होता.

व्याकरणाच्या चुकांकडेही याच दृष्टीने पाहावे. हिंदी घरातील मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे व नपुंसकलिंग मुळीच नाही. गुजरातीत मराठीप्रमाणे तीन लिंगे असल्याने गुजराती मुलास ‘माझे पुस्तक’ सहज साधते; ‘केळे’ मधील ळ देखील त्याच्या घरचाच. ‘शिक्षा’ हा शब्द ऐकून हिंदी मुलास शिक्षण आठवते, मराठी मुलास छडी! आगरी मूल ‘मला’ ऐवजी ‘मना’ व ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हणते. ते मराठीच बोलत असते, परंतु पुस्तकातील प्रमाण मराठी ही त्याच्याही दृष्टीने दुसरी भाषा ठरते. त्यास ‘अशुद्ध’ म्हणून गप्प करणारा शिक्षक हिंदी मुलाशी गोड बोलला तरी वर्गात दोन भाषा नांदू देतो असे म्हणता येणार नाही.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले, आणि ते योग्यच आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात भाषेच्या प्रश्नावरून मीरा रोडच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. त्या वादाचा निवाडा करणे हे प्राथमिक शिक्षकाचे काम नव्हे. मात्र मोर्चा पाहून आलेली दोन्ही बाजूंची मुले दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसतात, हे त्याने ध्यानात ठेवावे. अमेरिकेत मायामी येथील कोरल वे शाळेत १९६३ पासून इंग्रजी मुले व क्यूबातून आलेल्या निर्वासितांची स्पॅनिश मुले अर्धा दिवस एका व अर्धा दिवस दुसऱ्या भाषेत शिकू लागली. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, पण परिपाठातील दहा मिनिटे शिक्षकाच्या हाती आहेत. एका दिवशी गुजराती मुलीने घरच्या भाषेत गोष्ट सांगावी व मराठी मुलांनी समजली तेवढी मराठीत सांगावी. दुसऱ्या दिवशी उलट करावे.

जे मूल महिनोन्महिने गप्प बसते त्यास मंद ठरविण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. त्याच्याच भाषेच्या एखाद्या मोठ्या मुलाकरवी त्यास तोंडी हिशेब घालावा : बारा बोंबील, तीन ताटे, प्रत्येक ताटात किती? उत्तर बरोबर आले, तर नोंदवहीत ‘गणित कच्चे’ असा शेरा न लिहिता ‘मराठी शब्द शिकवावयाचे’ असे लिहावे, आणि दुसऱ्या दिवशीपासून ताट, वाटा, प्रत्येकी, उरले हे चार शब्द प्रथम घ्यावेत.